लीगल एड डिफेन्स कौन्सिल: सरकारी खर्चातल्या बचावाची पारख

आधी निकाल सांगून टाकतो. जिल्हा न्यायालयात सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील रिमांड आणि जामिनाच्या कामात चांगला आहे, साक्षीपुराव्यात माणसागणिक वेगळा आहे आणि अपिलाच्या उंबरठ्यावर कच्चा आहे. पाचपैकी गुण द्यायचेच तर रिमांडला चार, उलटतपासाला तीन, वरच्या कोर्टाकडे फाईल सोपवण्याला दोन. खासगी वकील परवडत नसेल तर ही सेवा नक्की घ्यावी, पण डोळे मिटून घेऊ नये. कुठल्या टप्प्यावर काय मागायचं हे आरोपीच्या घरच्यांना ठाऊक असेल तर याच सेवेतून दुप्पट काम निघतं.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नाल्साने, ही योजना २०२२ मध्ये सुधारित रूपात आणली. त्याआधी सगळी भिस्त पॅनेलवर होती. खासगी प्रॅक्टिस सांभाळून वकील केसगणिक ठरलेल्या तुटपुंज्या फीवर मोफतची केस चालवायचा, आणि ‘फुकटचा वकील’ ही शिवी तिथूनच आली. आताचे डिफेन्स कौन्सिल पूर्णवेळ आणि पगारी असतात, त्यांना खासगी वकालतनामा घेता येत नाही. चीफला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो, डेप्युटीला ७ वर्षांचा, आणि असिस्टंट म्हणजे तीन वर्षांपर्यंतचा नवखा वकील. फी तारखेवर नसल्यामुळे तारखा लांबवण्यात त्यांचा काही फायदा नाही. जुन्या पद्धतीपेक्षा ही गोष्ट खरंच बरी आहे.

हे वकील फक्त आरोपीच्या किंवा शिक्षा झालेल्याच्या बाजूने उभे राहतात. पीडिताला किंवा फिर्यादीला मदत हवी असेल तर ती पॅनेलवरून मिळते. आणि ही व्यवस्था मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणची. तालुक्याच्या कोर्टात बहुतेक वेळा तालुका विधी सेवा समितीने नेमलेला पॅनेल वकीलच येतो.

कोणाला मिळते

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न विचारलं जात नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. इथे एक फट आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. पुरुष आरोपी कोठडीत असताना वकील मिळतो तो ‘कोठडीत आहे’ या कारणावर. जामिनावर सुटला की ते कारण संपतं. म्हणून सुटल्यावर लगेच उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र फाईलला लावून घ्या. तहसीलदाराच्या दाखल्यासाठी अडायची गरज नाही, कलम १३ प्रमाणे प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा, ते न्यायालयाच्या आवारातच असतं. कारागृहातून करायचा असेल तर तिथल्या विधी सहाय्य केंद्रातून. नाहीतर १५१०० वर फोन. कोर्टानेही आरोपीला विचारलंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी अजमल कसाबच्या अपिलात स्पष्ट सांगितलं की पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करताच वकिलाचा हक्क सुरू होतो आणि तो आरोपीला समजावून सांगणं ही न्यायदंडाधिकाऱ्याची जबाबदारी आहे. ज्या खटल्यात कोणी वकीलपत्र घ्यायला धजत नव्हतं, त्यातला हा निकाल आज घरफोडीच्या आरोपीलाही कामी येतो.

रिमांड: इथे सेवा खरी उतरते

रोज सकाळी रिमांड कोर्टात माणूस हजर असणं, हीच या योजनेची मोठी कमाई. चांगला डिफेन्स कौन्सिल पहिल्या पाच मिनिटांत चार गोष्टी बघतो: रिमांड रिपोर्ट, फिर्यादीची प्रत, अटकेची कारणं लेखी दिली का, आणि वैद्यकीय तपासणीचा कागद. लेखी कारणांचा मुद्दा आता भक्कम झालाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारणं आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी दिलीच पाहिजेत. अटक करताना शक्य झालं नाही तर उशिरात उशिरा रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. बिहारमधल्या मजुराच्या हातात मराठी कागद ठेवून सही घेतली तर ती पूर्तता होत नाही.

अटकेची वेळ हाही असाच मुद्दा. २४ तास मोजायचे ते माणूस प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून, आणि स्टेशन डायरीतली वेळ बऱ्याचदा त्यानंतरची असते. आरोपीने तोंडी सांगितलेली वेळ न्यायदंडाधिकाऱ्याकडून त्याच दिवशी नोंदवून घेतली नाही तर पुढे त्या सांगण्याला वजन राहत नाही. अंगावरच्या जखमांचंही तसंच. दुसऱ्या रिमांडला दाखवलेल्या जखमेवर ‘आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न ठरलेला.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर एक बदल असा झाला की १५ दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. म्हणजे ‘न्यायालयीन कोठडी झाली, आता निवांत’ असं राहिलं नाही. किती दिवस वापरले, किती उरले, याचा हिशेब वकिलाच्या फाईलच्या पहिल्या पानावर असला पाहिजे.

त्याच पानावर दुसरा आकडा: दोषारोपपत्र दाखल करायची मुदत. १० वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात, जन्मठेप-फाशीसकट, ९० दिवस, बाकीच्यात ६०. मुदत संपली आणि दोषारोपपत्र नाही, तर जामीन हा हक्क. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याच्या आधी मागावा लागतो. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवून टाकलं, त्यामुळे जुन्या सवयीने एक दिवस उशिरा अर्ज करणारा वकील हक्क घालवून बसतो. ६१ व्या किंवा ९१ व्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच अर्ज तयार आहे का? सेवा कशी आहे हे जोखायचं असेल तर या एका प्रश्नाने सुरुवात करा.

दोषारोपपत्राची प्रत म्हणजे नुसता गठ्ठा नव्हे

नकला फुकट आणि १४ दिवसांच्या आत मिळायला हव्यात. मिळाल्यावर पानं मोजा. नेहमी गहाळ असतात त्या गोष्टी ठरलेल्या: न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचे जबाब, जखम-प्रमाणपत्राची मागची बाजू, मुद्देमाल प्रयोगशाळेत पाठवल्याचं पत्र, आणि सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह. शेवटच्याबद्दल ‘तो मुद्देमाल आहे, प्रत मिळत नाही’ असं उत्तर आलं तर ते चूक. मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि त्याची प्रत आरोपीला मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे फक्त पाहू देतात.

फुटेजबरोबर प्रमाणपत्र आहे का तेही बघा. पुरावा कायद्याचं कलम ६५-ब आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गेलंय. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहायची. दुय्यम प्रतीसाठी हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे हा वाद २०२० मध्ये मिटला, तोही जालना विधानसभेच्या निवडणूक खटल्यातून. दोन भागांतल्या हॅश व्हॅल्यू जुळत नसतील, किंवा दुकानदाराच्या डीव्हीआरमधून पोलीस शिपायाने मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून घेतलं असेल, तर हरकत कधी घ्यायची? फुटेजला निशाणी पडतानाच, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक मिळतानाच. निशाणी बिनहरकत पडून गेली तर अपिलात ‘पुरावा कसा आणला’ या जातीची तक्रार सहसा ऐकून घेतली जात नाही. खालच्या कोर्टात तोंड उघडलं असतं तर सरकार पक्षाने ती उणीव भरून काढली असती, असं उत्तर मिळतं.

इथेच या सेवेचा पहिला खड्डा आहे. सरकारी वकील कागदांची यादी देतात आणि बचावाने त्यावर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायचं असतं (संहितेचं कलम ३३०, जुनं २९४). कामाचा ढीग असला की सगळ्यालाच ‘मान्य’ लिहिण्याचा मोह होतो. शवविच्छेदन अहवाल मान्य केला की तो सिद्ध झाला, डॉक्टर साक्षीला येईलच याची खात्री नाही, आणि मग जखम विळ्याची की पडून झालेली हे विचारायचं कोणाला? घटनास्थळाचा नकाशा मान्य करताना अंतर आणि उजेड तपासला का? नुसता नकाशा म्हणून सोडून दिलेला कागद ‘साक्षीदाराला दिसलं कसं’ या प्रश्नाचं एकमेव उत्तर असू शकतो. घरच्यांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी, आणि कुठल्या कागदावर काय शेरा दिला ते विचारावं. विचारण्यात अपमान काही नाही.

पंचनामा आणि सील

महाराष्ट्रातला निम्मा फौजदारी बचाव पंचनाम्याच्या कागदावर लढला जातो. आरोपीने ‘कोयता काढून देतो’ म्हटल्याचा निवेदन पंचनामा, आणि मग वस्तू काढून दिल्याचा जप्ती पंचनामा, असे दोन. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात येत नाही, पण त्या सांगण्यातून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरता भाग येतो. म्हणून बघायचं ते असं: आरोपीचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत का, की पोलिसी मराठीत सार दिलंय? जागा सगळ्यांना दिसणारी होती का? पोलिसांना ती आधीच ठाऊक होती का? पंच दोन्ही वेळी तेच होते का, आणि तेच पंच त्याच ठाण्याच्या आणखी किती केसेसमध्ये आहेत?

मे २०२३ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्याला निर्दोष सोडलं. आरोपीला मराठी येत नव्हती, निवेदन मराठीत होतं आणि ते त्याला त्याच्या भाषेत वाचून समजावल्याचं दिसत नव्हतं. शिवाय डीएनएचे नमुने घेणं, ठेवणं आणि पाठवणं यांत न उलगडलेल्या फटी होत्या. यात नवा शोध काहीच नव्हता. सगळं पहिल्यापासून कागदावर होतं, कोणीतरी तारखा शेजारी-शेजारी मांडायची खोटी होती.

त्या मांडणीसाठी एक साधा तक्ता पुरतो. डाव्या बाजूला प्रत्येक वस्तू. पुढे जप्तीची तारीख-वेळ, सील कशाचं आणि त्याचा नमुना कुठे, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीतला क्रमांक, नेणाऱ्या शिपायाचं नाव, प्रयोगशाळेची पोच आणि ‘सील अखंड’ हा शेरा. जिथे रकाना रिकामा, तिथे प्रश्न. रक्ताचे कपडे दहा दिवस ठाण्यातल्या कपाटात राहिले आणि कारकुनाची साक्षच झाली नाही, तर सीए (रासायनिक विश्लेषकाच्या) अहवालात आरोपीच्या शर्टावर मृताचा रक्तगट आला तरी त्यावर भार टाकणं सरकार पक्षाला जड जातं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनएसाठी नियम आणखी आवळले: नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत, आणि ताब्याची साखळी दाखवणारी नोंदवही खटल्याच्या अभिलेखाचा भाग. ही नोंदवही मागणारा अर्ज लेखी द्या, तोंडी मागणी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, उतरत नाही.

२६/११ च्या खटल्यात दोन भारतीय आरोपी सुटले ते अशाच साध्या निरीक्षणावर. त्यांनी काढून पुरवल्याचा आरोप असलेला नकाशा मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशातून मिळाला असं म्हणणं होतं. कपडे रक्ताने माखलेले आणि कागदावर डाग नाही. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे हा नकाशा टिकला नाही.

उलटतपास: सरस-निरस इथे कळतं

असिस्टंट कौन्सिलला सत्र खटल्यात उलटतपास एकट्याने करू देऊ नका. जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात मदतीला दिलेल्या वकिलाचा अनुभव किमान १० वर्षांचा हवा आणि तयारीला निदान सात दिवस मिळावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या प्रकरणात घालून दिलंय. तिथे वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवला आणि सगळा खटला दोन आठवड्यांत उरकला होता. निकाल रद्द झाला, फेरसुनावणी झाली आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष ठरला. चीफचं नाव वकीलपत्रावर आणि उभा असिस्टंट, असं असेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. सचिव न्यायिक अधिकारी असतात, आणि अशा अर्जाची दखल घेतली जाते.

चांगला उलटतपास कसा ओळखायचा? आवाज चढण्यावरून नव्हे. साक्षीदार कोर्टात सांगतो, ‘आरोपीने माझ्यासमोर विळा मारला.’ पोलिसांकडच्या जबाबात विळ्याचा उल्लेखच नाही. ही महत्त्वाची वगळणूक. कोर्टाच्या बोलीत ओमिशन. आता वकिलाने साक्षीदाराला विचारायचं की तू हे पोलिसांना सांगितलं होतंस का. तो म्हणणार, सांगितलं होतं, ‘पण माझ्या जबाबात तसं का लिहिलेलं नाही याचं कारण मला सांगता येणार नाही.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र खटल्याचे कागद उघडा, हे वाक्य सापडेल. पण काम इथे अर्धंच झालं. ज्या तपासी अधिकाऱ्याने जबाब घेतला, त्याच्या साक्षीत ‘या साक्षीदाराने माझ्यासमोर असं सांगितलं नव्हतं’ हे वदवून घेतलं तरच ती वगळणूक सिद्ध होते. जबाबातला मजकूर उलटा असेल, म्हणजे विसंगती असेल, तर तेवढा भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा, त्यावर ‘पोर्शन मार्क ए’ पाडायचं आणि अधिकाऱ्याकडून सिद्ध करून त्याला निशाणी मिळवायची.

साक्षीदार जानेवारीत तपासला जातो, अधिकारी पुढच्या वर्षी दिवाळीनंतर. मधल्या काळात वकील बदलला आणि फाईलमध्ये वगळणुकींची यादी नसली तर दुसरी पायरी राहून जाते. मग उच्च न्यायालयात तो सगळा उलटतपास असून नसल्यासारखा. या सेवेतली सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी दिसणारी चूक हीच. आणि तिचं मूळ वकिलाच्या हुशारीत नाही, नेमणुकीच्या रचनेत आहे: करार दोन वर्षांचा, पुढे वर्षावर्षाने वाढणारा. खुनाचा खटला काही दोन वर्षांच्या करारात मावत नाही.

दुसरी चूक सूचनांची. उलटतपासाच्या शेवटी ‘हे म्हणणं खरं नाही की...’ या ओळी सवयीने टाकल्या जातात. एकाच साक्षीदाराला आधी ‘आरोपी तिथे नव्हताच’ आणि मग ‘आधी मृताने मारलं म्हणून झटापट झाली’ असं दोन्ही सुचवणारे वकील कमी नाहीत. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बचावाच्या वकिलाने सुचवलेली अडचणीची गोष्ट आरोपीवर बंधनकारक ठरू शकते. झटापट सुचवली की हजेरी मान्य झाली. म्हणून पहिल्या साक्षीदाराआधीच बचाव एका ओळीत ठरलेला हवा, आणि तो आरोपीला माहीत हवा.

वकील बदलला तरी साक्षीदार परत बोलावता येतील, या भरवशावर राहू नका. आधीच्या वकिलाने नीट उलटतपास घेतला नाही एवढंच कारण पुरत नाही, हे २०१५ मध्ये दिल्लीच्या कॅब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलं. तिथे उच्च न्यायालयाने दिलेली परवानगीसुद्धा रद्द झाली. अमेरिकेत वकिलाच्या नालायकीवर शिक्षेला आव्हान देण्याची वेगळी वाट आहे. आपल्याकडे ती जवळपास नाही.

ओळख परेड असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमधले आकडे हाताशी ठेवा: एका संशयितासाठी किमान सहा डमी (रांगेत उभी केलेली इतर माणसं), दोघांसाठी दहा-बारा, एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. परेड घेणारा विशेष कार्यकारी अधिकारी त्या तारखेला खरोखर पदावर होता का, हा प्रश्न नीरस वाटेल. पण २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली, त्यात पाच फाशीच्या शिक्षा होत्या, आणि परेड घेणाऱ्याला अधिकारच नव्हता हे त्या निकालातल्या मुख्य कारणांपैकी एक. शंभराहून जास्त दिवसांनी ओळखणारे टॅक्सीचालक, सीलमधल्या त्रुटी आणि एकसारख्या शब्दांतले कबुलीजबाब हे इतर मुद्दे. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिलीय, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलेलं नाही.

आरोपीचा जबाब

सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात (कलम ३५१, जुनं ३१३). शंभर-दीडशे प्रश्न, आणि प्रत्येकापुढे ‘खोटं आहे’ किंवा ‘माहीत नाही’. बहुतेक खटल्यांत हे चालून जातं. घरात झालेल्या मृत्यूत चालत नाही. रात्री घरात दोघंच होते, एक मेलं, तर काय घडलं हे दुसऱ्याने सांगायला हवं. नांदेडच्या एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गप्प राहण्याची किंमत दाखवून दिलीय. अशा वेळी लेखी निवेदन देता येतं, ते देण्याची तयारी सेवेकडून आधीच मागून घ्या. उलट बाजूने, जी गोष्ट आरोपीला या जबाबात विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पुण्याच्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यातली परिस्थितीजन्य पुराव्याची १९८४ ची पाच सूत्रं वकील पाठ म्हणतात, पण त्याच निकालातला हा मुद्दा अपिलात जास्त वेळा कामी येतो.

निकालाचा दिवस आणि त्यानंतर

दोन गुण इथले. निकालाच्या दिवशी वकिलाच्या हातात शिक्षा-स्थगितीचा अर्ज टाइप केलेला असावा. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर खालचंच कोर्ट अपील करेपर्यंत त्याला जामिनावर ठेवू शकतं. अर्ज नसला तर माणूस त्याच दिवशी आत जातो.

निकालाची प्रत आरोपीला तत्काळ आणि मोफत मिळते. तिच्यावर मिळाल्याची तारीख आणि सही असू द्या. १९७८ चं होसकोट प्रकरण महाराष्ट्रातलंच: उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंगात पाठवल्याचं सांगितलं गेलं, कैद्याला मिळाल्याची सही मात्र कुठेच नव्हती, आणि अपिलाला काही वर्षांचा उशीर झाला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच प्रत लेखी पोच घेऊन देण्याचं आणि अपिलासाठी मोफत वकिलाचं बंधन घातलं.

मुदत अशी: न्यायदंडाधिकाऱ्याच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात ६० दिवस, फाशी असेल तर ३०. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात. सत्र न्यायालयातलं अपील हेच डिफेन्स कौन्सिल चालवतात, तिथे फारशी अडचण येत नाही. उच्च न्यायालयात मात्र त्यांचं काम संपतं आणि उच्च न्यायालय विधी सेवा समितीचा नवा वकील येतो. खरी गळती याच सांध्यात आहे. तुरुंगातून गेलेलं अपील बऱ्याचदा अर्ध्या पानाचं असतं, ‘मी निर्दोष आहे, दया करावी’. नवा वकील कारणं वाढवून देऊ शकतो, पण त्याला खालच्या वकिलाच्या टिपणी मिळत नाहीत. म्हणून या गोष्टी घरच्यांनी स्वतःकडे ठेवाव्यात: वगळणुकींची यादी निशाणी क्रमांकासह, सीलचा तो तक्ता, ज्यावर हरकत घेतली त्या कागदांची नावं, आणि फेटाळल्या गेलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत. साक्षी मराठीत असल्या तर इंग्रजी भाषांतरात ‘दिसला’चं ‘ओळखला’ झालं नाही ना, हे मूळाशी ताडून बघा.

अपिलात नवा पुरावा क्वचितच येतो; कलम ४३२ आहे, पण ते अपवादासाठी. जे खाली निशाणीवर आलं तेच वर वाचलं जातं, आणि तेही कोणी बोट ठेवलं तरच. महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका गुन्ह्यात साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखल्याची नोंद अगदी सुरुवातीपासून होती. तरी भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीपर्यंत जावं लागलं, आणि ते सुटले मार्च २०१९ मध्ये, प्रत्येकी पाच लाखांच्या भरपाईसह.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. या सहा जिल्ह्यांतल्या घरच्यांना आता मुंबईची खेप नाही.

उरलेल्या उणिवा

योजनेच्या मनुष्यबळात तपासनीस नाही, फॉरेन्सिकचा जाणकार नाही. डॉक्टरला काय विचारायचं हे वकिलाने स्वतःच वाचून काढायचं. खासगी वकिलाकडेही हे सहसा नसतं, पण तिथे निदान पैसे टाकून मत घेता येतं. सहआरोपी एकमेकांवर ढकलत असतील तर एकाच कार्यालयाने दोघांचा बचाव करू नये. दुसऱ्यासाठी पॅनेलचा वकील मागा, तशी सोय आहे. कोणी ‘टायपिंगचा खर्च’ म्हणून पैसे मागितले तर ते नियमबाह्य. टायपिंग, नकला, भाषांतर सगळं सेवेत येतं.

केसवर नजर ठेवायला ई-कोर्ट्स ॲपमध्ये १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की रोजनामा दिसतो. सलग दोन तारखांना ‘बचावाचे वकील गैरहजर’ किंवा ‘उलटतपास नाही’ अशी नोंद दिसली तर वकील बदलण्याचा अर्ज तेव्हाच सचिवांकडे द्या. तपासी अधिकाऱ्याची साक्ष संपल्यावर दिलेल्या अर्जाने वकील बदलेल, पण त्याच्या हाती फारसं काही उरलेलं नसेल.